माझ्या गाठीला मामांची नजर

मी राहतो खुटबावला, पण माझी गाठ पुण्यात असते. उबदार पेटीत राहते. अंगाखाली मऊ जेली, वेळच्या वेळी गुलाबी सरबत, आणि तैनातीला शिकली-सवरलेली माणसं. इकडं मी घरात दुसऱ्यांदा चहा मागितला तर बायको भांडं आपटते.

थाप वाटली ना? वाटणारच. दौंड तालुक्यात या बाबतीत माझं नाव मोठं आहे. मी केडगाव स्टेशनवर शिंकलो की दौंडला सिग्नल पडतो, हे इथं लहान पोरांनाही माहीत आहे. माझ्या विहिरीच्या पाण्यात उकडलेलं अंडं फुटून पिल्लू निघालं होतं, तेही लोक विसरलेले नाहीत. पण गाठीची ही हकीकत खरी आहे. फार तर तव्यावरच्या भाकरीसारखी मधेच थोडी फुगली असेल. पीठ मात्र अस्सल आहे.

पोटात दुखायला लागलं तेव्हा मी आधी वांग्यावर ढकललं, मग पाहुण्यांकडच्या मटणावर, मग बायकोच्या बोलण्यावर. शेवटी पुण्याला मोठ्या दवाखान्यात गेलो आणि कळलं की मोठ्या आतड्यात गाठ आहे. गावात मी सांगितलं, नारळाएवढी. होती लिंबाएवढी. पण लिंबाएवढ्या गाठीसाठी कोण भेटायला येतं? नारळ म्हटल्यावर केळी आली, सफरचंदं आली, बिस्किटांचे पुडे तर असे आले की आमच्या कुत्र्याला साखर झाली.

आतड्यातला तो तुकडा सर्जन काढणार होते, त्याचं फारसं भय नव्हतं. खरी भानगड लिव्हरवर होती. तिथं गाठीची दोन पिल्लं जाऊन बसली होती. सर्जन पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही आत्ता काढता येत नाहीत. जागा अडचणीची आहे. औषधानं दोन्ही आकसली, तर काढता येतील."

"आणि नाही आकसली तर?"

"तर औषधावर चालवू. जितकं चालेल तितकं."

एवढंच बोलले. मी आयुष्यभर शब्दांचा व्यापार केला, पण 'जितकं चालेल तितकं' याच्यात भर घालायला मला एक अक्षर सुचलं नाही. त्या दिवसापासून माझं सगळं त्या 'आकसणं' या शब्दाला टांगलं गेलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक मुलगी माझ्या खाटेशी आली. वयानं माझ्या पोरीएवढी, पण दवाखान्याच्या प्रयोगशाळेत संशोधन करणारी. बोलता बोलता कळलं की ती शिरूर तालुक्यातली, भीमेच्या पलीकडची. म्हणजे गाववालीच. मी तिला लगेच ताई करून टाकलं.

"काका, तुमच्या गाठीतला जो भाग तपासणीला लागणार नाही, तो आम्हाला अभ्यासाला द्याल का? लिव्हरमधून सुईनं नमुना घेतील, त्यातलाही थोडासा."

"काय करणार त्याचं?"

"वाढवणार."

"ताई, मी इथं ती घालवायला आलोय!"

ती हसली. गाठीचे बारीक बारीक कण जेलीच्या थेंबात ठेवायचे, त्यांना जगवायचं. ते आपापले गोळे करून वाढतात, आणि थेंबात असले तरी शरीरातल्या गाठीसारखेच बऱ्याच अंशी वागतात. मग त्यांच्यावर निरनिराळी औषधं टाकून बघायची. "तुमच्या अंगावर आम्हाला एका वेळी एकच औषध देऊन बघता येतं," ती म्हणाली. "थेंबांवर हवी तेवढी." आणि पुढं बजावलं, "पण काका, हा अभ्यास आहे. यातून तुमचा फायदा होईलच असा शब्द मी देणार नाही. औषध तुमचे डॉक्टरच ठरवतील."

मी म्हणालो, "न्या ताई. माझ्याकडं नुसती पडून होती."

आतड्याचं ऑपरेशन होऊन घरी आल्यावर एका सकाळी दूध घालायला डेअरीवर गेलो. तिथं बातमी माझ्या आधी पोचली होती.

"काय आप्पा, गाठ पाळलीय म्हनं तुमी पुण्यात?"

"पाळलीय."

"फॅट किती लागतंय?"

"अरं, हसू नगंस. खुराक चालू हाय तिचा. गुलाबी पानी. दोन-तीन दिसांनी बदलत्यात."

"माझ्या म्हशीचं पानी मी रोज बदलतो, पर तिचा फोटू पेपरात न्हाई आला."

"आन् माझा आला व्हय?"

"न्हाई, पर तुमी सांगनारच हाय की आला म्हनून!"

तोवर औषध सुरू झालं होतं. त्या औषधानं गार पाण्याला हात लावला की बोटांत सुया टोचायच्या. नळाला हात लावताना मी नागाच्या फण्याला हात लावल्यासारखा लावत असे. पण निमूट घेतलं. मग पोटाचा फोटो, म्हणजे स्कॅन, काढला आणि सर्जननी पुन्हा पडद्यावर बोट ठेवलं. लिव्हरवरचं एक पिल्लू चांगलं आकसलं होतं. दुसरं मात्र होतं तसंच. जागचं हललं नव्हतं की झुकलं नव्हतं. आमच्या सोसायटीच्या एका जुन्या संचालकाची आठवण झाली.

"एकाच गाठीची दोन पिल्लं," मी ताईला विचारलं, "एकच औषध. मग एकाला लागू पडतं आणि दुसऱ्याला नाही, असं कसं?"

"गाठ बाहेरून एक दिसते काका, पण आत सगळ्या पेशी सारख्या नसतात. सुरुवात एकीपासून होते, पण वाढता वाढता त्या बदलत जातात. तुमच्या थेंबांतही तेच दिसतंय. काही गोळे पहिल्या औषधानं गळून गेले. काहींनी ते पचवलं."

"म्हणजे भावकी."

"काय?"

मी तिला समजावलं. आमची भावकी एकाच पणजोबाची. पण आज त्यातला एक सत्ताधाऱ्यांबरोबर, दुसरा विरोधात, तिसरा ज्याच्या जीपमध्ये जागा असेल त्याच्यात, आणि चौथा रोज सकाळी माझा बांध कोरतो. चौघांना एकच दम देऊन चालत नाही. एकाला नोटीस पुरते, दुसऱ्याला पाहुणे मध्ये घालावे लागतात. चौथ्यावर अजून औषध निघालेलं नाही.

"हो काका," ती म्हणाली, "अगदी भावकी. आता त्या चिवट शाखेवर आम्ही दुसरी औषधं बघणार आहोत. डॉक्टरांनाही पुढचं औषध ठरवायचंय, तोवर आमचं होईल असं वाटतं."

म्हणजे आता माझा सगळा जीव त्या चिवट शाखेच्या थेंबांत अडकला होता. आणि नेमके याच सुमाराला मामा भेटायला आले.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. राहतात कोरेगाव भीमाच्या अलीकडं. एका कारखान्याच्या गेटवर नोकरी करून निवृत्त झाले. घोड आणि भीमा या दोन नद्यांमध्ये मामांएवढी प्रसिद्ध नजर दुसरी नाही. मामा एखाद्या वस्तूला 'झकास' म्हणाले की ती वस्तू संपली. पाहुण्यांच्या म्हशीला झकास म्हणाले, ती दुसऱ्या दिवसापासून आटली. मांडवावरच्या दुधी भोपळ्याला म्हणाले, तो खाली पडला आणि खाली झोपलेल्या चुलत्याचा खांदा निखळला. एकाच्या नव्या बुलेटला म्हणाले, ती भीमेच्या पुलावर बंद पडली. तिच्यात पेट्रोल नव्हतं, हा भाग वेगळा. कारखान्यात तर म्हणे ते गेटवर होते तोवर चोर आत शिरत नसत. मामांनी नुसतं बघितलं असतं तर चोराचंच घर लुटलं गेलं असतं.

लोक हसत, पण मामा आले की दुधावर झाकण पडे. बाळाच्या गालावरची तीट रुपयाएवढी होई. लग्नात मामा मागच्या पंगतीला बसत आणि ताटाकडं बघून जेवत. कुठल्याही घरात शिरले की पायाच्या अंगठ्यावर नजर. आणि वाईट हे की माणूस मुळात शौकीन. चांगलं जनावर, चांगली वेल, चांगला फेटा दिसला की त्यांच्या ओठापर्यंत येई आणि ते गिळत. वर्षानुवर्षं गिळत आले होते.

त्या दिवशीही ते फरशीकडं बघत बसले. बायकोनं चहा ठेवला, तो गार झाला.

"भाच्या, ती तुझी गाठ जिवंत हाय म्हनत्यात पुण्याला."

"हाय मामा."

"चांगली वाढलीय?"

"लई. खाऊन-पिऊन सुखी हाय."

मामा अंगठा हलवत राहिले. मग म्हणाले, "मग मला न्हे तिकडं."

"कशाला?"

"झकास म्हनतो तिला."

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. बायको दारात येऊन उभी राहिली. मामा मान वर न करता बोलत होते. "समदी म्हनत्यात माझी नजर लागती. लागती तर लागती. जलमभर नुकसानच झालंय तिनं. एकदा तुझ्या उपेगी पडू दे."

मी हसणार होतो. बायकोचं तोंड बघून हसलो नाही.

"अहो, न्या की त्यास्नी," ती म्हणाली. "एवढी औषधं घेताच हाय. ह्याला तर सुईबी न्हाई टोचत."

ताईला मी फोन केला. मामांना बघायची फार हौस आहे, एवढंच सांगितलं. हौस कसली, ते तिनं विचारलं नाही, मीही तोंड उघडलं नाही. तिनं तिच्या वरच्या मॅडमना विचारलं आणि कळवलं: जिथं थेंब वाढवतात त्या खोलीत बाहेरच्यांना जाता येत नाही, पण बाहेरच्या खोलीत मोठा पडदा आहे, त्यावर दाखवता येईल. आम्ही केडगावला शटल पकडली. मामांनी धुतलेली टोपी घातली होती. गाडी सुटली तसे त्यांनी डोळे मिटले.

"झोप आली का मामा?"

"न्हाई. नजर राखून ठेवतोय. वाटंत खर्च व्हायला नगं."

हडपसरपर्यंत एक माणूस गाजराचा हलवा खात समोर बसला होता, पण मामांनी डोळा किलकिला केला नाही. दवाखान्यात मी त्यांना हाताला धरून नेत होतो. डोळे मिटलेला म्हातारा, टोपी, हाताला धरलेला भाचा. एका नर्सबाईंनी आम्हाला अडवून दोनदा सांगितलं, "मोतीबिंदू दुसऱ्या मजल्यावर." मामा म्हणाले, "बाई, माझं डोळं लई चांगलं हायत. तीच तर अडचन हाय."

ताईनं आम्हाला पडद्यासमोर बसवलं. मामांनी माझ्या कानात विचारलं, "टीव्हीवरनं लागंल का रं?"

"का न्हाई लागनार?"

"व्हय, लागती. तुझी मामेबहीन व्हिडिओ कॉलवर मी दिसलो की बाळाला आत न्हेती."

"मग उघडा डोळं."

पडदा लागला आणि मामांनी डोळे उघडले.

मी थापाड्या माणूस, पण पडद्यावर जे होतं त्याला माझ्या थापेची गरज नव्हती. भिजून टपोरा झालेला साबुदाणा असतो ना, तसे गोल. कडेनं पेशींची बारीक वीण, आणि आत पोकळी, तिच्यात उजेड भरलेला. कोणी एकटे, कोणी एकमेकांना चिकटून, एक तर द्राक्षाच्या घडासारखा फुटवे काढून वाढलेला. माझ्याच पोटातलं होतं ते. मला मारायला निघालेलं. आणि दिसायला असं की बायकांनी गळ्यात घालावं.

मामांचं तोंड उघडं राहिलं.

"आई शप्पत," ते म्हणाले. "झकास!"

मी पडद्याकडं बघत राहिलो, आता फुटतंय की मग फुटतंय.

"काय गोलाई हाय! काय कड हाय! एक नंबर! भाच्या, अरं, तुझ्या पोटात ह्ये? तुझ्या? झकास, झकास! ह्यो बघ, ह्यो कोपऱ्यातला, जसा काय पुनवेचा चंद्र हाय लेकाचा!"

आधी ते गाठ मारायला बोलत होते. दोन मिनिटांत ते विसरले. म्हशी, वेली, फेटे, सुना, नातवंडं, सगळ्यांचं गिळलेलं कौतुक त्या पडद्यावर ओतत होते, आणि कुणी त्यांच्यासमोर झाकण टाकत नव्हतं. ताईचा चेहरा तर उजळला होता.

"आजोबा, आमच्या मॅडमनीसुद्धा माझ्या कामाचं एवढं कौतुक केलं नाही."

"तू वाढवलंस ह्ये? झकास वाढवलंस गं पोरी."

मी मनात म्हटलं, आता हिलापण.

"म्हणून तर हेच दाखवले," ती म्हणाली. "सगळ्यात निरोगी हे आहेत. यांना आम्ही औषध दिलेलंच नाही."

"का बरं?" मी विचारलं.

"तुलनेला. बाकीच्या थेंबांत औषध टाकलंय. यांच्यात काहीच नाही. हे जगतात, म्हणूनच आम्हाला म्हणता येतं की ते औषधानं मेले."

मी मामांना कोपरानं ढोसलं, गप बसा म्हणून.

कारण हे मला चांगलं ठाऊक होतं. औषध कंपन्यांचे साहेब आमच्या टोमॅटोवर फवारणीचा नमुना दाखवायला येतात, तेव्हा सांगतात, एक ओळ मोकळी ठेवा, तिच्यावर काही मारू नका. आम्ही मान हलवतो, आणि साहेबांची गाडी वळली की त्या मोकळ्या ओळीवर पंप मारून घेतो. डोळ्यांदेखत ओळ वाळलेली कुणाला बघवते? मग साहेब येतात, सगळ्याच ओळी हिरव्या बघतात आणि डोकं धरून बसतात. हे आमच्या शिवारात इतक्या वेळा झालंय की आता साहेब चहा पिऊन जातात, ओळ बघतच नाहीत.

आणि आज मी माझ्या स्वतःच्या मोकळ्या ओळीवर मामांची नजर फवारली होती.

"ताई," मी आवाज सांभाळत विचारलं, "समजा, नुसतं समजा, ही बिनऔषधाची मोकळी ओळच मेली तर?"

"तर चाचणी बाद. पहिल्यापासून सुरू करावी लागेल. काही आठवडे जातील. आणि तुमचा नमुनाही आता फार उरलेला नाही."

आठवडे माझ्याकडं नव्हते. डॉक्टर पुढचं औषध ठरवायला बसले होते. मामांनी ते सगळं ऐकलं. त्यांनी हळूच डोळे मिटले, पण आता राखून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

परतीच्या गाडीत त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. उरुळी गेल्यावर म्हणाले, "म्हस गेली तवा लोकं बोलली, मी ऐकून घेतलं. ह्ये लई झालं भाच्या. मीच म्हनलो न्हे म्हनून."

"अहो मामा, पडद्यावरनं थोडीच लागती."

"आत्ता तूच म्हनला लागती म्हनून!"

चाळीस वर्षं मी खोटं बोललो आणि लोकांनी ते खोटं म्हणून ऐकलं. त्या दिवशी कुणी खरं मानलं, ते नेमकं हे.

घरी बायकोनं सगळं ऐकलं. आधी मला बोलून घेतलं, मग मामांकडं बघितलं. तिनं हात पुढं केला. "फोटू दिलाय का तिनं?"

ताईनं पडद्याचा फोटो माझ्या फोनवर पाठवला होता. बायकोनं पाट मांडला, पाटावर फोन ठेवला, फोनवर फोटो मोठा केला. मुठीत मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या. फोनवरून उतरवत म्हणाली, "मामांची, भाच्याची, पडद्याची, काचेची, नर्सबाईची, हलवा खानाऱ्याची, जी कुनाची लागली आसंल ती जळू दे!" मधेच फोन वाजला. डेअरीवाला होता. तिनं उतरवत उतरवतच तो कट केला, मिरच्या चुलीत टाकल्या आणि आम्ही तिघं श्वास धरून बसलो.

आमच्याकडं याची परीक्षा सोपी आहे. नजर लागलेली असली तर मिरच्या जळून जातात आणि ठसका म्हणून येत नाही. ठसका आला तर नजर नव्हतीच.

आधी काही झालं नाही. मामांनी मान खाली घातली.

आणि मग आला. असा आला की मी भिंतीला टेकलो. बायको पदर तोंडावर धरून अंगणात पळाली. शेजारच्या घरातून खोकल्याचा कोरस उठला. शेळ्यांना शिंका सुरू झाल्या. उसात लपलेला बिबट्या खोकत खोकत बाहेर आला आणि रस्ता ओलांडून यवतच्या दिशेनं गेला, असं एकजण सांगतो. तो एकजण मी आहे.

मामा एकटेच धुरात बसून होते. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, आणि खोकत खोकत विचारत होते, "आला का गं? ठसका आला का?"

"आला मामा! बाहेर या!"

"म्हंजी न्हाई लागली?"

"न्हाई लागली!"

त्यांना आम्ही ओढूनच बाहेर काढलं. ओट्यावर बसले, पाणी प्यायले. मग बराच विचार करून म्हणाले, "मग ती म्हस कशानं आटली रं?"

"कासंत दगडी झाली आसंल तिला."

"आन् भोपळा?"

"पिकला व्हता, पडला."

मामा एकेक आठवून विचारत होते आणि मी उत्तरं देत होतो. बुलेटच्या पेट्रोलवर आलो तेव्हा ते हसायला लागले. पुन्हा ठसका लागला. बायको दारातून म्हणाली, "मिरच्या संकेश्वरी व्हत्या, तिखट हायत त्या मुळातच," तेव्हा मी तिला डोळ्यानं दटावलं.

मामा त्यानंतर आमच्याकडंच राहिले. ताईचा फोन येईपर्यंत घरी जायला तयार नव्हते. फोन आला, तेव्हा मी चिवट शाखेचं आधी विचारलंच नाही.

"ताई, मोकळी ओळ?"

"मस्त आहे काका. वाढतेय." मग तिनंच विचारलं, "आणि चिवट शाखेचं सांगू का? औषधांच्या एका जोडीपुढं तिनं मान टाकली. सगळ्या थेंबांत नाही, पण बहुतेकांत. मी रिपोर्ट डॉक्टरांना दिलाय. तेच ठरवतील, मी आधी सांगितलं होतं ना."

डॉक्टरांच्या मनात आधीच ती जोडी होती. ते म्हणाले, "थेंबात मेलं म्हणजे पोटात मरेलच, असं नाही. पण फोटो आणि थेंब, दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतायत. देऊन बघू."

त्या औषधानं माझी मिशी गेली. माझ्या मिशीवर दोन्ही बाजूंना एकेक पोपट बसत असे, ते बेघर झाले. पोट बिघडलं, अंगातलं बळ गेलं. दिवसचे दिवस मी बाजेवर पडून डेअरीवाल्यांचे टोमणे ऐकत राहिलो आणि उलट उत्तर द्यायचंसुद्धा त्राण नव्हतं. गावाला काळजी वाटायला लागली ती तेव्हा. म्हातारे म्हणाले, "आप्पा गप्प हाय म्हंजी काय खरं न्हाई." मामा आठवड्याला यायचे. आता फरशीकडं बघत नसत. माझ्याकडं नीट बघायचे आणि म्हणायचे, "वाळलास." कुणी त्यांना बघू नका म्हणालं नाही.

मग फोटोचा दिवस. सर्जन पडद्यासमोर बसले, पुढं झाले, मागं झाले, जुना फोटो लावला, नवा लावला. मी त्यांच्या पाठीकडं बघत होतो. पाठीवरून काही कळत नाही. शेवटी खुर्ची वळली.

"दुसरंही आकसलंय. करता येईल."

एवढंच. आणि माझी बायको, जी माझ्या कुठल्याच गोष्टीवर कधी विश्वास ठेवत नाही, ती त्यांना म्हणाली, "पुन्हा एकदा सांगा." त्यांनी पुन्हा सांगितलं.

ऑपरेशन झालं. दोन्ही काढली. ताई भेटायला आली होती. माझे बरेचसे थेंब आता त्यांनी थिजवून जपून ठेवलेत, थोडे अजून पेटीत वाढतायत. नवं औषध निघालं की आधी त्यांच्यावर बघतील. माझ्यासारखीच भावकी पोटात घेऊन बसलेल्या दुसऱ्या कुणाला त्याचा उपयोग होईल. मी तिला म्हटलं, "उपाशी ठेवू नका." ती म्हणाली, "थिजलेल्यांना भूक नसते काका." मला हे पटलेलं नाही. आमच्याकडं थंडीनं थिजलेलं जनावर दुप्पट वैरण खातं.

डॉक्टर अजून दर काही महिन्यांनी बोलावतात. संपलं असं ते म्हणत नाहीत, मीही म्हणवून घेत नाही. पण परवाचा फोटो स्वच्छ निघाला.

या सगळ्या काळात मी रानात कोथिंबीर, मेथी आणि पालक एवढंच करत होतो. कुणी विचारलं तर सांगायचो, पुण्याच्या बाजारात भाव आहे, कोथिंबिरीवर मी दुमजली घर बांधणार आहे. बायकोनं कधी विचारलं नाही. जे महिना-दीड महिन्यात हातात येतं, त्याच्या पुढचं मी पेरत नव्हतो, हे तिला दिसत होतं.

परवा पुण्याहून आलो आणि कपडे न बदलता रानात गेलो. ती मेथीच्या जुड्या बांधत होती.

"औंदा आडसाली लावू," मी म्हणालो.

तिचे हात थांबले. आडसाली म्हणजे दीड वर्षाचा ऊस. आज लावला तर पुढची दिवाळी जाऊन त्याच्याही पलीकडं तोडणी.

"एवढ्या लांबचं?"

"व्हय."

"तोडणीला कोन हाय तवा?"

"मी हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी थाप मारली की तिच्या ओठाचा उजवा कोपरा वर जातो. तो जागचा हलला नाही.

"मग बेणं चांगलं बघा," ती म्हणाली आणि पुढची जुडी उचलली. "आन् त्या ट्रॅक्टरवाल्याला आत्ताच सांगा, मागनं सरी पाडायला तो गावायचा न्हाई."

मी बांधावरूनच त्याला फोन लावला.